झिको : काशिमाचा कारभारी, गोव्याचा पाहुणा

ज्यांच्या नावापुढे विश्वविजयाचे एकही वर्ष लिहिता येत नाही आणि तरीही ज्यांना वगळून फुटबॉलचा इतिहास लिहिणे अशक्य आहे, अशा मोजक्या खेळाडूंत ब्राझीलच्या झिकोची गणना प्रथम करावी लागते. १९७८, १९८२ आणि १९८६ अशा तीन विश्वचषक स्पर्धांत तो खेळला आणि तिन्हींतून रिक्तहस्ते परतला. एवढ्याच गोष्टीवरून त्याचे खाते बंद करून खतावणी बासनात बांधणारे टीकाकार त्याच्या देशात होते, आणि धावांच्या सरासरीवर पोसलेल्या आपल्या क्रीडारसिकांतही ते थोडे नाहीत. हा हिशेब चुकीच्या दफ्तरात मांडला गेला आहे, असे माझे मत आहे. झिको मैदानावर काय होता हे पुढे येईलच. परंतु मैदान सोडताना आणि सोडल्यानंतर जपानमधील एका पोलादाच्या कारखान्याच्या गावात त्याने जे उभे केले ते त्याच्या कोणत्याही गोलाहून अधिक टिकाऊ ठरले, आणि त्याच माणसाला लागोपाठ तीन मोसम पदरी बाळगूनही गोव्याने त्याच्याकडून तसे काही का करवून घेतले नाही, हा प्रश्न आपल्याला विश्वचषकाच्या हुकलेल्या संधींपेक्षा जवळचा वाटायला हवा.

आर्थर आन्तुनेस कोइंब्रा हे त्याचे संपूर्ण नाव. ३ मार्च १९५३ रोजी रिओ द जानेरोच्या क्विंतिनो बोकायुव्हा या साध्या वस्तीच्या उपनगरात तो जन्मला. वडील पोर्तुगालातून आलेले आणि फ्लामेंगो क्लबाचे भक्त. मुलगे एकामागून एक फुटबॉलकडे वळलेले. त्यांपैकी एदू हा अमेरिका नावाच्या क्लबातून नावारूपाला आला होता, आणि नान्दो या दुसऱ्या भावाला लष्करी राजवटीच्या पोलिसांनी अटक केली होती. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी ब्राझीलचा जो संघ निवडला गेला त्यातून पात्रता फेरी गाजवणाऱ्या झिकोचे नाव ऐनवेळी गळाले, ते या भावाच्या पायी गळाले अशी त्या कुटुंबाची धारणा आहे. त्या निराशेत त्याने खेळ सोडण्याचा मनसुबा केला होता आणि घरच्यांनी त्याला परावृत्त केले. त्याआधी, वयाच्या चौदाव्या वर्षी, सेल्सो गार्सिया नावाच्या रेडिओ समालोचकाने त्याला फ्लामेंगोच्या दारात नेऊन उभे केले होते. मुलगा इतका कृश होता की क्लबाला त्याच्या आहाराचा आणि व्यायामाचा स्वतंत्र कार्यक्रम आखावा लागला आणि फ्रान्कालाच्ची या व्यायामशिक्षकाच्या देखरेखीखाली काही वर्षे तो कसोशीने पाळावा लागला. प्रतिभा उपजत असते हे मान्य करूनही, ती वाहून नेण्याइतकी हाडे या मुलाला कमवावी लागली हे विसरता येत नाही.

मधली फळी आणि आघाडी यांच्यामध्ये जी चिंचोळी जागा असते ती दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉलमध्ये दहा क्रमांकाच्या सदऱ्याची वतनदारी समजली जाते. या जागेवरच्या माणसाकडे चेंडू येतो तेव्हा त्याची पाठ बहुधा गोलाकडे असते, प्रतिस्पर्धी त्याच्या अंगाला भिडलेला असतो, आणि पुढल्या क्षणी वळावे, द्यावे की मारावे याचा निर्णय चेंडू पायाशी येण्याच्या आधीच झालेला असावा लागतो. या वतनाचे मानकरी अनेक झाले. परंतु त्यांतले काही उत्तम देणारे होते तर काही उत्तम मारणारे. झिकोच्या ठायी ही दोन्ही सामर्थ्ये अशा समप्रमाणात एकवटली होती की त्याला मध्यरक्षक म्हणावे की आघाडीवीर, याचा निवाडा अखेरपर्यंत झाला नाही. फ्लामेंगोसाठी त्याने पाचशेहून अधिक गोल केले आणि त्यांतले तीनशेहून अधिक एकट्या माराकाना मैदानावर. ब्राझीलसाठी अधिकृत नोंदीनुसार ७१ सामन्यांत ४८. मधल्या फळीत वावरणाऱ्या माणसाचे हे आकडे आहेत. त्याची फ्री किक हा तर निराळाच विषय होता. सराव आटोपून सहकारी घरी परतल्यावर गोलाच्या वरच्या कोपऱ्यांत सदरे टांगून तो एकटाच चेंडू मारीत राही, आणि ज्या वक्ररेषेला प्रेक्षक दैवी देणगी म्हणत ती अशा कंटाळवाण्या सायंकाळींतून सिद्ध झाली होती.

१९८१ हे त्याच्या क्लबजीवनाचे सुवर्णवर्ष. दक्षिण अमेरिकेतील क्लबांच्या लिबेर्तादोरेस चषकाच्या अंतिम फेरीत चिलीच्या कोब्रेलोआ संघाशी तीन सामने झाले. फ्लामेंगोचे त्या तीन सामन्यांतले चारही गोल झिकोचे होते. डिसेंबरात टोकियोला युरोपचा विजेता लिव्हरपूल समोर आला. त्या काळच्या लिव्हरपूलचा दरारा मोठा होता. परंतु मध्यंतरालाच गुणफलक फ्लामेंगोच्या बाजूने ३-० होता. नुनेसने दोन आणि आदीलिओने एक असे गोल केले. झिकोने एकही केला नाही, आणि तरीही सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली, यात कोणाला काही विसंगत वाटले नाही. जपानी प्रेक्षकांनी त्याला प्रथम डोळे भरून पाहिले ते त्या दिवशी.

विश्वचषकाशी त्याचे ग्रह कधी जुळले नाहीत. १९७८ च्या पहिल्याच सामन्यात स्वीडनविरुद्ध कॉर्नरवरून आलेला चेंडू त्याने डोक्याने गोलात धाडला, पण चेंडू हवेत असतानाच वेल्सचे पंच क्लाइव्ह थॉमस यांनी सामना संपल्याची शिटी फुंकली होती. नियमाच्या अक्षराला ते धरून असेल. नियमाच्या हेतूला ते धरून होते असे मला वाटत नाही. पण खरी कथा १९८२ ची. प्रशिक्षक तेले सान्ताना यांनी स्पेनमध्ये नेलेला तो संघ, ज्यात वैद्यकशास्त्राची पदवी घेतलेला सोक्रातेस कर्णधार होता, फाल्काओ आणि सेरेझो मागून चेंडू पुरवीत होते, डावीकडून एदेर तोफ डागीत होता आणि या सर्वांच्या केंद्रस्थानी झिको होता, तो जिंकण्यासाठी जन्मला होता की पाहण्यासाठी, असा संभ्रम पडावा. सोव्हिएत संघाविरुद्ध थोडी ओढाताण झाली. मग स्कॉटलंडविरुद्ध चार गोल, न्यूझीलंडविरुद्ध चार, अर्जेंटिनाविरुद्ध तीन. झिकोचे स्वतःचे चार झाले, त्यांतला एक हवेत पाठमोरे उडून मारलेला.

५ जुलै रोजी बार्सिलोनाच्या सारिया मैदानावर इटलीशी गाठ पडली. ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. क्लाउदियो जेन्टिले या बचावपटूकडे झिकोची पहारेदारी सोपवलेली होती आणि तो आपले काम इतक्या निष्ठेने करीत होता की पूर्वार्धातच झिकोचा सदरा फाटला. फाटलेली चिंधी त्याने पंचांना दाखवली, पण दाद लागली नाही. याच जेन्टिलेला एका गिरकीत मागे टाकून त्याने सोक्रातेसला जो चेंडू दिला, आणि सोक्रातेसने गोलरक्षक झॉफ आणि गोलखांब यांच्यामधल्या फटीतून तो जसा सरकवला, तो गोल दहा क्रमांकाच्या कलेचा संपूर्ण पाठ आहे. परंतु पाओलो रॉस्सी, जो सट्ट्याच्या प्रकरणातील दोन वर्षांची बंदी भोगून नुकताच परतला होता आणि ज्याने आधीच्या चार सामन्यांत एकही गोल केला नव्हता, त्याने त्या दुपारी तीन केले. ब्राझील ३-२ असे हरले.

या पराभवाभोवती पुढे एवढे कारुण्य साचले की त्याच्याकडे कोरड्या नजरेने पाहणे जवळजवळ अरसिकपणाचे मानले जाऊ लागले. तरी पाहिले पाहिजे. इटलीचा संघ लुटारू नव्हता; तो त्या दिवशी अधिक सावध आणि अधिक शहाणा होता, आणि अन्तोन्योनीने केलेला त्यांचा चौथा गोल ऑफसाइडच्या चुकीच्या निर्णयाने नाकारला गेला होता. रॉस्सीचा दुसरा गोल तर सेरेझोने आपल्याच बचावफळीपुढून निष्काळजीपणे आडवा टाकलेल्या चेंडूवर झाला. बरोबरी पुरेशी असताना, आणि २-२ अशी ती साधलेली असताना, ब्राझील पुढेच धावत राहिले. याला कोणी तत्त्वनिष्ठा म्हणतात. मी त्याला सुंदर हेकटपणा म्हणेन. मात्र त्यानंतर ब्राझीलच्या फुटबॉलने अंगमेहनतीच्या, सावध आणि रुक्ष खेळाची जी कास धरली ती पाहता, त्या दुपारी एका सामन्याहून अधिक काही हरवले, हे झिकोचे आणि त्याच्या सहकाऱ्यांचे गाऱ्हाणे मला नामंजूर करवत नाही.

पुढल्या वर्षी इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातील उदिने या मध्यम शहराच्या उदिनेसे क्लबाने सुमारे चाळीस लाख डॉलर मोजून त्याला विकत घेतले. इटालियन महासंघाने या व्यवहाराला हरकत घेतली तेव्हा उदिनेचे नागरिक रस्त्यावर उतरले आणि ‘झिको किंवा ऑस्ट्रिया’ अशी घोषणा दुमदुमली. १८६६ पर्यंत ते शहर ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होते, आणि झिको मिळत नसेल तर आम्ही परत तिकडे जातो, असा तो प्रेमळ राजद्रोह होता. परवानगी मिळाली. त्या मोसमात झिकोने २४ सामन्यांत १९ गोल केले. युव्हेंटसच्या प्लातिनीने २८ सामन्यांत २०. पण उदिनेसे नवव्या स्थानावरच राहिले. एक माणूस संघ उंचावू शकतो, संस्था उभारू शकत नाही, हा धडा त्याने येथे घेतला असावा असा माझा तर्क आहे; कारण पुढे तो जेथे गेला तेथे त्याने संस्थेकडे आधी पाहिले.

१९८५ मध्ये तो फ्लामेंगोकडे परतला, आणि त्याच ऑगस्टात बांगू संघाच्या मार्सिओ नुनेसने दोन्ही पायांनी मारलेल्या धडकेत त्याचा गुडघा निकामी झाला. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. तशाच गुडघ्यानिशी तो १९८६ च्या विश्वचषकाला गेला. ग्वादालाहारा येथे फ्रान्सविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना तो बदली खेळाडू म्हणून उतरला, उतरताच ब्रान्कोला असा चेंडू दिला की गोलरक्षक जोएल बात्सला त्याला पाडण्यावाचून गत्यंतर उरले नाही, आणि मिळालेली पेनल्टी झिकोने स्वतः मारली. बात्सने ती अडवली. सामना पुढे पेनल्टींच्या निवाड्यावर गेला. तेथे झिकोने पुन्हा चेंडू मांडला आणि या वेळी गोल केला. सोक्रातेस चुकला, झुलिओ सेझार चुकला, फ्रान्सच्या बाजूने खुद्द प्लातिनी चुकला. लोकांच्या स्मरणात मात्र झिकोचीच चूक राहिली. तासाभरात दुसऱ्यांदा त्याच जागी उभे राहण्याचे धैर्य कोणाच्या हिशेबात जमा झाले नाही.

निवृत्तीनंतर, १९९० मध्ये, अध्यक्ष कोलोर यांनी त्याला क्रीडाखात्याचा सचिव नेमले. ब्राझीलमध्ये तोवर कराराची मुदत संपल्यावरही क्लबाची खेळाडूवरची मालकी सुटत नसे. ती एक प्रकारची वेठबिगारीच होती. झिकोने सुधारणेचा मसुदा तयार केला, पण वर्षभरात तो राजीनामा देऊन मोकळा झाला. १९९३ मध्ये मंजूर झालेला क्रीडाकायदा त्याच्या नावाने ओळखला जातो, आणि खेळाडूंची बेडी प्रत्यक्ष तोडणारा १९९८ चा कायदा पेलेच्या नावाने. दोन महान खेळाडू एकाच खात्यात बसून गेले आणि दोघांच्या नावाचे कायदे झाले, हे दृश्य आपल्या क्रीडासंघटनांच्या कारभाराकडे पाहणाऱ्याला असूया वाटावी असे आहे.

आता काशिमा. टोकियोच्या ईशान्येला, इबाराकी प्रांताच्या किनाऱ्यावर, पन्नास हजारांच्या आतल्या वस्तीचे हे गाव सुमितोमो कंपनीच्या पोलादकारखान्यावर जगत होते. कारखान्याचा फुटबॉलसंघ दुसऱ्या श्रेणीत खेळे आणि त्यातले खेळाडू कंपनीचे नोकर होते. जपानमध्ये व्यावसायिक लीगची जुळवाजुळव चालू असताना काशिमाने दरखास्त केली, तेव्हा पंधरा हजार प्रेक्षकांचे, छप्पर असलेले, खास फुटबॉलचे मैदान बांधल्याखेरीज प्रवेश जवळजवळ अशक्य आहे, असे त्यांना सुनावण्यात आले. गावाने ते बांधले. आणि १९९१ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, वर्षभर सचिवाच्या खुर्चीत बसून आलेला झिको या कारखान्याच्या संघात दाखल झाला.

त्याने तेथे चेंडू मारण्याचे शिक्षण तर दिलेच. पण त्याहून निकराने व्यावसायिक असणे म्हणजे काय हे शिकवले. मैदानाची अवस्था कशी असावी, सरावाला कोणत्या मनोवृत्तीने यावे, पराभव जिव्हारी लागू द्यावा की कंपनीच्या कामाप्रमाणे दिवसाअखेर विसरावा, अशा प्रत्येक बाबीत तो लक्ष घालीत असे. १६ मे १९९३ रोजी, नव्या लीगच्या आपल्या पहिल्याच सामन्यात, काशिमा अँटलर्सने गॅरी लिनेकरला करारबद्ध केलेल्या नागोया संघाला ५-० असे नमवले. चाळीस वर्षांच्या झिकोचे त्यात तीन गोल होते. लीगचा पहिला टप्पा याच खेड्याने जिंकला. तो संत मात्र नव्हता. १९९४ च्या जानेवारीत विजेतेपदाच्या निर्णायक सामन्यात, प्रतिपक्षाला पेनल्टी दिल्याच्या संतापात तो मांडलेल्या चेंडूवर थुंकला आणि पंचांनी त्याला बाहेर काढले. हरणे सोसत नसलेल्या माणसाचेच ते कृत्य होते, आणि काशिमाने त्याच्याकडून ती असोशीही घेतली.

परंतु अधिक महत्त्वाचे आहे ते पुढचे. १९९४ मध्ये बूट उतरवल्यावर त्याला निरोपाचा हार घालून गावाने विमानात बसवले नाही. त्याच्या हाती तांत्रिक बाबींची मुखत्यारी देण्यात आली आणि २००२ पर्यंत ती त्याच्याकडे होती. कोणता प्रशिक्षक आणावा, कोणता ब्राझिलियन खेळाडू घ्यावा, तरुण मुलांना कोणत्या पद्धतीने घडवावे, यात त्याचा शब्द प्रमाण होता. भाऊ एदू प्रशिक्षक म्हणून आला. जॉर्जिन्यो आणि लिओनार्दो हे ब्राझीलचे विश्वविजेते या गावात खेळून गेले. आणि २००० साली, सारिया मैदानावर ज्याच्या एका निष्काळजी चेंडूने झिकोचे स्वप्न विसकटले होते, त्याच तोनिन्यो सेरेझोच्या हाताखाली काशिमाने एका वर्षात जपानची तिन्ही मोठी विजेतेपदे मिळवली. जपानी लीग सर्वाधिक वेळा जिंकण्याचा मान टोकियोकडे किंवा ओसाकाकडे नाही, तो काशिमाकडे आहे. समर्पण, सचोटी आणि आदर ही झिकोची त्रिसूत्री क्लब आजही आपली सनद मानतो, आणि मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभा आहे.

राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक म्हणून त्याने जपानला २००४ चा आशिया चषक मिळवून दिला. त्याच वर्षी विश्वचषकाच्या पात्रता फेरीत त्याच्या संघाने भारताला सैतामात ७-० आणि कलकत्त्यात ४-० असे हरवले. आपल्या फुटबॉलची त्याची ही पहिली ओळख. २००६ च्या विश्वचषकात मात्र जपान पहिल्याच फेरीत गारद झाले. नंतर तुर्कस्तान, उझबेकिस्तान, रशिया, ग्रीस, इराक, कतार अशी त्याची भ्रमंती झाली. तुर्कस्तानच्या फेनरबाचे क्लबाला चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेले, हे सोडता तीत विशेष सांगण्यासारखे नाही.

२०१४ मध्ये तो इंडियन सुपर लीगमधील (आयएसएल) एफसी गोवा संघाचा प्रशिक्षक म्हणून गोव्यात आला. खेळाडू पाहावयास ब्राझिलियन आणि ऐकावयास पोर्तुगीज, अशा या पाहुण्याचे सासष्टीत जे स्वागत झाले ते परक्याचे नव्हते. पहिल्या वर्षी एफसी गोवा उपांत्य फेरीत कलकत्त्याशी दोन्ही सामन्यांत गोलशून्य बरोबरी करून पेनल्टींवर हरला. दुसऱ्या वर्षी साखळीत अव्वल आला आणि नोव्हेंबरात फातोर्ड्याला मुंबईचा ७-० असा फडशा पाडला. २० डिसेंबर २०१५ रोजी त्याच मैदानावर चेन्नईविरुद्ध अंतिम सामना झाला. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला गोव्याने २-१ अशी आघाडी घेतली. नव्वदाव्या मिनिटाला गोलरक्षकाकडून स्वयंगोल झाला, आणि भरपाईच्या वेळेत मेंडोझाने चेन्नईचा तिसरा गोल केला. समोरच्या बाकावर प्रशिक्षक होता मार्को मातेराझ्झी. तेहेतीस वर्षांनंतरही झिकोच्या वाट्याला ३-२ आणि इटालियन माणूसच आला. पुढल्या वर्षी गोवा तळाला राहिला, आणि २०१७ च्या जानेवारीत हा अध्याय संपला.

यात झिकोचे उणे काय होते, हे शोधणे सोपे आहे. २०१६ चा त्याचा संघ विस्कळीत होता आणि बचाव तर केविलवाणा होता. परंतु मूळ दोष त्याच्या नेमणुकीच्या स्वरूपात होता. आयएसएल तेव्हा ऑक्टोबर ते डिसेंबर अशी अकरा-बारा आठवड्यांची स्पर्धा होती. म्हणजे गोवा त्याला दरवर्षी एक तिमाही बोलावीत असे. उरलेले नऊ महिने गोव्याच्या फुटबॉलचा संसार धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग हे जुने क्लब निराळ्या लीगमध्ये चालवीत होते, आणि २०१६ मध्ये या तिघांनीही भारतीय फुटबॉलच्या भावी आराखड्याच्या निषेधार्थ त्या लीगमधून अंग काढून घेतले. ज्याने एका कारखान्याच्या गावाला अकरा वर्षे देऊन संस्था बांधून दाखवली होती, त्याला आपण बारा आठवड्यांच्या मानधनावर तैनात केले आणि जाहिरातीच्या फलकावर त्याचे छायाचित्र लावले. तेवढ्या अवधीतही त्याच्या संघातला रोमिओ फर्नांडिस ब्राझीलच्या अत्लेतिको पारानाएन्सेकडून खेळून आला, आणि त्याच्या संघात वाढलेला मंदार राव देसाई पुढे मुंबईच्या विजेत्या संघाचा डावा बचावपटू झाला.

१८ डिसेंबर २०१६ रोजी कोचीला आयएसएलचा अंतिम सामना झाला, तेव्हा गोवा स्पर्धेतून केव्हाच बाहेर पडला होता. त्याच दिवशी योकोहामात काशिमा अँटलर्सने क्लबांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदविरुद्ध २-१ अशी आघाडी घेतली आणि अखेर जादा वेळेत ४-२ असा पराभव पत्करला. काशिमाने झिकोला त्यानंतरही पुन्हा बोलावले आणि तांत्रिक संचालकाच्या गादीवर बसवले. गोव्यातील क्लबांच्या धन्यांना आणि संघटनेच्या कारभाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे की, या तोलाचा माणूस पुन्हा मडगावला उतरला, तर पहिल्या संघाच्या बाकावर त्याला बसवण्याची घाई करू नये. बारा-चौदा वर्षांची मुले, सरावाची मैदाने आणि प्रशिक्षकांच्या नेमणुका त्याच्या स्वाधीन कराव्यात, आणि करारावर मुदत लिहिताना ती आठवड्यांत लिहू नये.